डब्यावरचं नाव सोडा, चिपचं नाव विचारा

जानेवारी २०२१ मधली गोष्ट. वडिलांच्या नाट्यसंगीताच्या कॅसेट मी आदल्या वर्षभरात एकेक करून संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. त्या, घरातले सगळे फोटो आणि लग्नामुंजींच्या चित्रफिती एका जागी राहाव्यात म्हणून घरात छोटा सर्व्हर उभा करायचा होता. नवा मदरबोर्ड आणला, उबंटू २०.०४ ची सर्व्हर आवृत्ती पेनड्राइव्हवर घेतली, संगणक चालू केला आणि चौथ्याच पडद्यावर अडकलो. नेटवर्क कार्ड सापडत नव्हतं. केबल बदलली, राउटरचं पोर्ट बदललं. केबल खोचली की पोर्टचा दिवा लागत होता, म्हणजे वीज पोचत होती. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "साहेब, बोर्ड ओके आहे. विंडोजवर टेस्ट करून दिलाय." आणि त्याचं खरं होतं.

त्या रात्री दोन तास मी मदरबोर्डचं नाव आणि त्यापुढे 'लिनक्स ड्रायव्हर' असं लिहून शोधत बसलो. शोधच चुकीच्या नावाने चालला होता. मदरबोर्ड म्हणजे चाळ. दारावर पाटी एक असली तरी आत बिऱ्हाडं निरनिराळी: नेटवर्कची चिप एका कंपनीची, आवाजाची दुसऱ्या, डिस्क जोडायची तिसऱ्या. ड्रायव्हर लागतो तो बिऱ्हाडकरूला, चाळीला नव्हे. माझ्या बोर्डावर रिअलटेक कंपनीची आरटीएल ८१२५बी ही २.५ गिगाबिटची चिप होती. उबंटू २०.०४ बरोबर लिनक्सचा ५.४ क्रमांकाचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, येतो. ८१२५ ची पहिली आवृत्ती त्याला माहीत होती, पण 'बी' आवृत्तीची ओळख ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या ५.९ कर्नलमध्ये झाली. माझ्या हातातली प्रणाली त्या ओळखीआधीची होती, एवढाच काय तो घोळ.

घरी सर्व्हर उभारणाऱ्या कुणालाही मी आज पहिली गोष्ट हीच सांगतो: ड्रायव्हर शोधायला बसण्याआधी चिप कोणती ते नक्की करा, आणि शक्य असेल तर हे काम पैसे देण्याआधी करा.

चार अंक, पुन्हा चार अंक

पीसीआय जोडणीवरचं प्रत्येक उपकरण दोन क्रमांक घेऊन येतं. पहिला ती चिप करणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या चिपचा. दोन्ही चार चिन्हांचे, कधी त्यात ए ते एफ ही अक्षरंही येतात. इंटेलचा कंपनी क्रमांक ८०८६ आहे. १९७८ साली आलेल्या तिच्या प्रसिद्ध प्रोसेसरचं ते नाव, तेच तिने क्रमांक म्हणून घेतलं. एएमडीचा १०२२, रिअलटेकचा १०ईसी, एनव्हीडियाचा १०डीई. माझ्या त्या हट्टी चिपचा पूर्ण क्रमांक होता १०ईसी:८१२५. हा क्रमांक हातात आला की शोध दोन तासांवरून दहा मिनिटांवर येतो.

लिनक्सवर तो बघायची आज्ञा आहे 'एलएसपीसीआय -एनएनके'. (या लेखात आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना तीच अक्षरं इंग्रजी लहान लिपीत, मधली जागा आणि आडवी रेघ जशीच्या तशी ठेवून लिहायची.) प्रत्येक उपकरणाखाली दोन ओळी येऊ शकतात. 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' म्हणजे या क्षणी उपकरण कोण चालवतंय ते, आणि 'कर्नल मॉड्यूल्स' म्हणजे ते चालवू शकतील असे कोणते ड्रायव्हर प्रणालीत आहेत ते. पहिली ओळ नाही आणि दुसरी आहे, तर ड्रायव्हर घरात आहे पण कामाला लागलेला नाही. बहुधा फर्मवेअर नाही किंवा तो कुणी मुद्दाम रोखून धरलाय. दोन्ही ओळी नाहीत, तर त्या कर्नलला ते उपकरण ठाऊकच नाही. यूएसबी उपकरणांसाठी 'एलएसयूएसबी' ही आज्ञा अशाच जोडक्रमांकांची यादी देते.

इथे अनेकजण फसतात, मीही फसलो. आज्ञेच्या उत्तरात चिपचं नाव नीट इंग्रजीत छापून येतं आणि आपल्याला वाटतं, ओळखलं म्हणजे चालणारच. तसं नसतं. ते नाव क्रमांक आणि नावांच्या एका वहीतून उचललेलं असतं. त्या वहीचा आणि ड्रायव्हरचा काहीच संबंध नाही. नाव दिसतंय याचा अर्थ वहीत नोंद आहे, इतकाच.

विंडोजवर हेच काम डिव्हाइस मॅनेजरमध्ये होतं. पिवळं चिन्ह लागलेल्या उपकरणावर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज उघडा, डिटेल्समध्ये जा आणि यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. 'व्हीईएन' या अक्षरांपुढचे चार कंपनीचे, 'डीईव्ही' पुढचे चार चिपचे. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमध्ये हाच क्रमांक टाकून सही असलेला ड्रायव्हर मिळवता येतो. 'तुमचे सगळे ड्रायव्हर एका कळीत अद्ययावत करतो' म्हणणाऱ्या फुकट प्रोग्रॅमच्या वाटेला जाऊ नका. सर्व्हरच्या गाभ्यात शिरणारी गोष्ट आपण अनोळखी माणसाकडून घेत नाही.

नावावर भरवसा का ठेवायचा नाही याची दोन उदाहरणं देतो, कारण दोन्ही वस्तू आपल्या बाजारात अजून हातोहात फिरतात. टीपी-लिंकचा डब्ल्यूएन७२२एन हा यूएसबी वायफाय खडा घ्या. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप आहे, आणि ती लिनक्सवर गुणी मानली जाते. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली. नाव तेच, ड्रायव्हर सर्वस्वी वेगळा, आणि फरक कळतो तो फक्त मागच्या बारीक 'व्हर्जन' आकड्यावरून. दुसरं उदाहरण एनव्हीडियाच्या जीटी ७३० कार्डाचं. या एकाच नावाखाली फर्मी आणि केप्लर अशा दोन पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. फर्मीला एनव्हीडियाच्या ३९० मालिकेपर्यंतचेच ड्रायव्हर चालतात, केप्लरला ४७० पर्यंतचे. दोन्ही मालिका आता मागे पडल्या आहेत, त्यामुळे आज कुणी ते कार्ड 'सर्व्हरला टाकायला स्वस्तात' देऊ केलं तर मी हात जोडतो.

ड्रायव्हर राहतो कुठे

विंडोजच्या सवयीने आपण ड्रायव्हर म्हणजे उतरवून घ्यायची फाइल समजतो. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतात आणि त्याच्याबरोबरच वाढतात. कर्नल आणि ड्रायव्हर यांच्यातली आतली बोली कायम तशीच राहील असं वचन लिनक्सचे कर्ते देत नाहीत, आणि हे त्यांनी जाणूनबुजून ठरवलेलं आहे. बोली बदलली की कर्नलच्या आतले सगळे ड्रायव्हर तेच बदलून घेतात. बाहेर राहिलेल्याने आपली सोय आपण पाहायची.

म्हणून घरच्या सर्व्हरसाठी 'ड्रायव्हर मिळेल का' यापेक्षा 'कोणत्या कर्नलपासून आत आहे' हा प्रश्न जास्त उपयोगाचा. तो कळला की उत्तर साध्या तुलनेचं उरतं. डेबियन ११ चा कर्नल ५.१०, डेबियन १२ चा ६.१, डेबियन १३ चा ६.१२. उबंटू २२.०४ चा ५.१५ आणि २४.०४ चा ६.८. चिपचा क्रमांक आणि 'लिनक्स कर्नल' एवढंच लिहून शोधलं तरी कोणत्या आवृत्तीत आधार आला ते बहुधा मिळतं. लिनक्स-हार्डवेअर नावाच्या सार्वजनिक नोंदवहीतही क्रमांक टाकून बघता येतं. लोकांनी आपापल्या यंत्रांच्या तपासण्या तिथे जमा केल्या आहेत, आणि कुठल्या कर्नलवर काय चाललं ते त्यात दिसतं.

माझा ठोकताळा असा: बाजारात येऊन दोन वर्षं झालेलं हार्डवेअर आणि चालू वर्षातली स्थिर प्रणाली, ही जोडी क्वचितच दगा देते. उलटी जोडी, म्हणजे या महिन्यात आलेला बोर्ड आणि तीन वर्षांपूर्वीची प्रणाली, हमखास रडवते. नवं हार्डवेअर घेतलंच असेल तर जुन्या प्रणालीवर नवा कर्नल चढवायची अधिकृत सोय आहे. डेबियनमध्ये तिला बॅकपोर्ट्स म्हणतात, उबंटूत एचडब्ल्यूई. एक बारकावा मात्र ध्यानात असू द्या: उबंटूची डेस्कटॉप आवृत्ती हा नवा कर्नल आपणहून आणते, सर्व्हर आवृत्ती बसवताना मूळ जुनाच देते. नवा हवा असेल तर तसं निवडावं लागतं.

फर्मवेअर हा वेगळा प्रकार आहे, पण लक्षणं तीच दिसत असल्याने त्याला ड्रायव्हर समजून डोकेफोड होते. ड्रायव्हर आपल्या प्रोसेसरवर चालतो, तर फर्मवेअर ही चिपच्या आत भरायची छोटी फाइल असते. 'डीमेसेज' ही आज्ञा (इंग्रजीत डी-एम-ई-एस-जी) देऊन त्यात 'फर्मवेअर' शब्द शोधा. फाइल मिळाली नसेल तर तिचं नावच तिथे लिहिलेलं असतं. डेबियनच्या जुन्या बसवणीत अशा फाइली मुक्त परवान्याच्या नाहीत म्हणून दिल्या जात नसत. २०२२ मध्ये त्यांच्या सभासदांनी मतदान करून हे बदललं, आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून त्या अधिकृत पेनड्राइव्ह प्रतीत येतात. जुन्या लेखांतले यावरचे लांबलचक उपाय आता वाचायची गरज नाही.

बाहेरून आणलेला पाहुणा

माझं पुढे काय झालं ते सांगतो. फोनचं इंटरनेट यूएसबी केबलने संगणकाला दिलं. ही युक्ती लक्षात ठेवा: अँड्रॉइड फोनचं यूएसबी टेदरिंग लिनक्सला बहुतेक वेळा काही न बसवता ओळखू येतं, आणि नेटवर्क नाही म्हणून नेटवर्कचा ड्रायव्हर उतरवता येत नाही या कोंडीतून ते बाहेर काढतं. मग चिप बनवणाऱ्या कंपनीनेच दिलेला ड्रायव्हर आणला, तो संगणकावर जुळवून तयार केला आणि पोर्ट जिवंत झालं. रात्रीचा एक वाजला होता. कॅसेटमधलं पहिलं पद टीव्हीवर वाजवून पाहिलं आणि झोपलो.

तीन आठवड्यांनी सुरक्षेचा नेहमीचा अपडेट आला, कर्नल बदलला, यंत्र पुन्हा सुरू झालं आणि सर्व्हर घरातल्या जाळ्यावरून गायब. मी कामावर, घरी वडील. त्यांना फोनवरून काय सांगणार? बाहेरून आणलेला ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी तयार केला त्याच कर्नलपुरता असतो, हे मला ठाऊक नव्हतं.

यावर डीकेएमएस नावाचा उपाय आहे. प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो बाहेरचा ड्रायव्हर आपोआप पुन्हा तयार करून देतो. त्यासाठी त्या कर्नलच्या हेडर फाइली बसवलेल्या असाव्या लागतात. आभासी यंत्रं चालवायला प्रॉक्समॉक्स वापरत असाल तर त्याचे हेडर वेगळे घ्यावे लागतात, आणि तेच अनेकांचं राहून जातं. शिवाय बायॉसमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर असा घरी तयार झालेला ड्रायव्हर सहीशिवाय स्वीकारला जात नाही. सहीची किल्ली नोंदवायचा निळा पडदा येतो तो संगणक सुरू होताना, प्रणाली चालू होण्याआधी. तुमचा सर्व्हर माळ्यावर किंवा टीव्हीच्या मागे, पडदा आणि कीबोर्ड न लावता ठेवलेला असतो. तेव्हा ही नोंदणी पहिल्याच दिवशी, सगळं टेबलावर असताना करून टाका.

तरीही माझं मत ठाम आहे: नेटवर्क आणि डिस्क या दोन कामांसाठी बाहेरचा ड्रायव्हर ठेवू नये. त्यातलं एक जरी बंद पडलं तरी दुरुस्तीला दुरून हात पोचत नाही. ग्राफिक्स कार्ड किंवा टीव्ही ट्यूनरसाठी ठेवलात तर चालेल. तो रुसला तरी सर्व्हरशी बोलता येतं. मी ऑगस्ट २०२१ मध्ये डेबियन ११ आलं त्याच आठवड्यात ५.१० कर्नलवर गेलो, त्या आणलेल्या ड्रायव्हरला निरोप दिला, आणि तेव्हापासून ते पोर्ट एकदाही रुसलेलं नाही.

नेटवर्कबद्दल आणखी दोन गोष्टी. इंटेलच्या आय-२२५ या २.५ गिगाबिट चिपच्या सुरुवातीच्या आवृत्तीत हार्डवेअरचाच दोष होता, आणि काही राउटर-स्विचशी जोडल्यावर वेग कोसळायचा. कंपनीने पुढच्या आवृत्तीत तो सुधारला. म्हणजे प्रत्येक दुखणं ड्रायव्हरचं नसतं. दुसरी गोष्ट, चालू सर्व्हरमध्ये नवं कार्ड बसवलं की पीसीआयची क्रमवारी हलते आणि जुन्याच नेटवर्क पोर्टचं नाव बदलू शकतं, जसं 'ईएनपी२एस०' चं 'ईएनपी३एस०'. आयपी पत्ता जुन्या नावाला बांधलेला असतो, त्यामुळे जाळं बंद पडतं आणि माणूस ड्रायव्हर शोधायला लागतो. आधी 'आयपी ए' ही आज्ञा देऊन नाव तपासा.

डिस्क दिसत नाही तेव्हा

मदरबोर्डवरच्या साटा पोर्टांची बोली एएचसीआय या नावाने ठरलेली आहे. ती लिनक्स, विंडोज, फ्रीबीएसडी सगळ्यांना येते. जास्तीची पोर्ट हवी असतील तर एएसमीडियाची एएसएम११६६ किंवा जेमायक्रॉनची जेएमबी५८५ चिप असलेलं कार्ड घ्या. दोन्ही तीच बोली बोलतात, वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

कार्यालयातून बाद झालेला डेल, एचपी किंवा लेनोवोचा छोटा संगणक सर्व्हरसाठी घेतलात (आणि घ्यावा, स्वस्त आणि टिकाऊ असतो), तर लिनक्स बसवताना आतली एनव्हीएमई डिस्क यादीत दिसत नाही असं होऊ शकतं. ड्रायव्हर शोधू नका. बायॉसमध्ये जाऊन साटाची मांडणी 'रेड' वरून 'एएचसीआय' करा, डिस्क समोर येईल. त्याच डिस्कवर आधीचं विंडोज ठेवायचं असेल तर मात्र हा बदल थेट करू नका, ते सुरू होणार नाही. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून मग बदल करावा लागतो.

मोठ्या सर्व्हरमधून निघालेली एलएसआयची एसएएस कार्डंही आपल्याकडे मिळतात. ९२११-८आय हे त्यातलं गाजलेलं, एसएएस२००८ चिपचं. त्याचा ड्रायव्हर, एमपीटी३एसएएस, मूळ कर्नलमध्ये आहे आणि डेबियनवर ते खोचलं की चालतं. कार्ड 'आयटी मोड' च्या फर्मवेअरचं आहे का तेवढं विचारा, म्हणजे ते मध्ये स्वतःचं रेड न करता डिस्क जशाच्या तशा पुढे देतं. झेडएफएस ही फाइलप्रणाली वापरणाऱ्यांना तेच हवं असतं. याच कार्डाने मला एक वेगळा धडाही दिला. २०१९ च्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ मध्ये या जुन्या चिपचा आधार काढून टाकला गेला. ड्रायव्हर तोच, पण त्या वितरणाने क्रमांक यादीतून वगळले. काल चाललेलं उद्याच्या आवृत्तीत चालेलच असं नाही, म्हणून मोठा अपग्रेड करण्याआधी 'काढलेली उपकरणं' हे नव्या आवृत्तीच्या टिपणांतलं कंटाळवाणं प्रकरण वाचावं.

चित्रपट किंवा फोटोंच्या सर्व्हरसाठी ग्राफिक्स कार्ड विकत घ्यायची बहुतेकांना गरजच नसते. इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधला अंगभूत ग्राफिक्स भाग १०-बिट एचईव्हीसी चित्रफिती स्वतः उलगडतो, आणि त्याचा आय९१५ हा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे. जेलीफिन या चित्रफिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो चालत नाही असं वाटलं तर नव्वद टक्के वेळा ड्रायव्हर ठीक असतो. जेलीफिनच्या वापरकर्त्याला 'रेंडर' गटात घेतलेलं नसतं, एवढंच.

लिनक्स नको असणाऱ्यांसाठी थोडक्यात. विंडोज सर्व्हर घरच्या बोर्डावर टाकलं तर इंटेलच्या आय२१९-व्ही सारख्या नेटवर्क चिपचा ड्रायव्हर 'ही प्रणाली चालत नाही' म्हणून अडून बसतो, कारण त्याच्या यादीत फक्त घरगुती विंडोज असतं. यादीची फाइल हाताने बदलता येते, पण मग सही मोडते. त्यापेक्षा आय२१० चिपचं (क्रमांक ८०८६:१५३३) वेगळं कार्ड लावा. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयने २०२० मधल्या ७.० आवृत्तीत लिनक्सकडून घेतलेल्या ड्रायव्हरांचा जुना मार्ग बंद केला, आणि त्याबरोबर रिअलटेकची घरगुती कार्डं बाहेर पडली. घरी आभासी यंत्रं चालवायची असतील तर मी डेबियनवर उभं असलेलं प्रॉक्समॉक्स सुचवतो.

यूपीएसलाही ड्रायव्हर लागतो

हा भाग परदेशी लेखांत शेवटच्या ओळीत असतो. आपल्याकडे तो पहिल्या यादीत हवा. वळवाचा पाऊस आला की वीज जाणार, हे नाशिकपासून सावंतवाडीपर्यंत कुणाला सांगायला नको. वीज गेल्यावर यूपीएस सर्व्हरला पंधरा मिनिटं देईल, पण ती संपत आली हे सर्व्हरला कळलं तरच तो डिस्कवरचं लिखाण पुरं करून नीट बंद होईल. त्यासाठी यूपीएसवर डेटाचं यूएसबी पोर्ट लागतं. दुकानात हेच विचारा, कारण स्वस्त यूपीएसवर ते नसतंच, आणि असलेलं पोर्ट कधीकधी फक्त मोबाइल चार्जिंगचं असतं. घरच्या इन्व्हर्टरलाही सहसा असं पोर्ट नसतं. तो पंखे-दिव्यांसाठी ठेवा आणि सर्व्हरला छोटा वेगळा यूपीएस द्या. इन्व्हर्टर चौकोनी लहरींचा असेल तर काही यूपीएस त्याची वीज स्वीकारत नाहीत, हेही जोडून बघा.

लिनक्सवर हे काम नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजे एनयूटी, करतं. एपीसीचे डेटा पोर्टवाले यूपीएस बहुधा 'यूएसबीएचआयडी-यूपीएस' या ड्रायव्हरने चालतात. देशी आणि चिनी स्वस्त यूपीएस बरेचदा मेगाटेक नावाची जुनी बोली बोलतात, त्यांना 'एनयूटीडीआरव्ही_क्यूएक्स' लागतो. केबल लावून 'एलएसयूएसबी' द्या. ०६६५:५१६१ दिसलं तर तुम्ही या दुसऱ्या गटात. काही यूपीएस ०००१:०००० असा क्रमांक सांगतात आणि नावाच्या जागी फ्राइज इलेक्ट्रॉनिक्स या अमेरिकी दुकानाचं नाव उमटतं. घाबरू नका, त्या दुकानाचा आणि तुमच्या यूपीएसचा संबंध नाही, वहीतल्या नोंदीचा हा परिणाम आहे. 'एनयूटी-स्कॅनर' ही आज्ञा योग्य ड्रायव्हर बहुतेक वेळा स्वतः सुचवते. मग एकदा धीर करून भिंतीवरचं बटण बंद करा आणि सर्व्हर खरोखर वेळेत बंद होतो का ते समोर बसून पाहा.

खिशात पेनड्राइव्ह

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा आपापल्या गावच्या संगणक बाजारात जाताना मी डेबियनची लाइव्ह प्रत असलेला पेनड्राइव्ह नेतो. ती डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच चालते. दुकानदाराला आधी सांगतो की यातलं काही पुसलं जाणार नाही. यंत्र सुरू करायचं, 'एलएसपीसीआय -एनएनके' द्यायचं आणि नेटवर्क, डिस्क, ग्राफिक्स या तीन ठिकाणी 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ओळ आहे का ते बघायचं. पाच मिनिटं लागतात. एकदाच एका दुकानात नकार मिळाला, तेव्हा मी ते यंत्र घेतलं नाही. ऑनलाइन घेताना हे शक्य नसतं. मग विक्रेत्याला त्या आज्ञेच्या उत्तराचा किंवा डिव्हाइस मॅनेजरमधल्या क्रमांकाचा फोटो मागा. निदान चिपवरची अक्षरं वाचता येतील असा कार्डाचा फोटो तरी मागाच. बाजारात इंटेलच्या नावाची नकली नेटवर्क कार्डंही आहेत, तेव्हा फार स्वस्त मिळणाऱ्या चार पोर्टांच्या कार्डाकडे दोनदा बघा.

रिअलटेकच्या आरटीएल८१५३ चिपचा एक यूएसबी-टू-लॅन खडाही मी ड्रॉवरमध्ये ठेवून दिलाय. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये अनेक वर्षांपासून आहे, आणि बोर्डावरचं पोर्ट कधी बसलंच तर तो लावून निदान दुरून आत शिरता येतं.

माझ्या सर्व्हरच्या डब्याच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर चार उपकरणांचे क्रमांक, त्यांच्या ड्रायव्हरांची नावं, सध्याचा कर्नल आणि शेवटच्या अपग्रेडची तारीख. डेबियनची नवी आवृत्ती आली की आधी तिची लाइव्ह प्रत त्याच यंत्रावर चालवून या कागदाशी ताडून बघतो, चारही नावं जुळली तरच अपग्रेड. जुना कर्नल महिनाभर काढत नाही, यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीत तसाच राहू देतो. वडिलांना मी फोनवर सांगू शकतो अशी एकच दुरुस्ती आहे ती: टीव्हीची केबल सर्व्हरला लावा, कीबोर्ड जोडा, यंत्र बंद करून पुन्हा चालू करा, यादी आली की 'अ‍ॅडव्हान्स्ड' निवडा आणि आधीच्या, जुन्या क्रमांकाच्या कर्नलवर एंटर दाबा.